बाहुलीघर बनवायचंय? मग आधी एकच खोली बांधा

पहिलं बाहुलीघर मी दुमजली करायला घेतलं होतं. खाली ओटी, माजघर आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, मधून जिना. पाच महिन्यांत जेमतेम भिंती उभ्या राहिल्या. मग पावसाळा लागला, पुठ्ठ्याने ओल धरली, वरच्या मजल्याची जमीन पापडासारखी वाकली आणि जिना ना खाली टेकेना ना वर. शेवटी तो सांगाडा मोडावा लागला. त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण कष्टात काही कमी नव्हतं, सुरुवातच चुकीच्या टोकाकडून झाली होती.

दुसऱ्या खेपेला एकच खोली घेतली. राजापूरजवळच्या आमच्या आजोळचं स्वयंपाकघर. चूल, फडताळ, पाटा-वरवंटा, गजांची खिडकी. अडीच महिन्यांत ती पुरी झाली. आता कोणी या छंदाबद्दल विचारलं की मी पहिल्यांदा हेच सांगते: खोली बांधा, घराचं नंतर बघू. आणि खोली अशी निवडा जिथे तुम्ही टेप घेऊन प्रत्यक्ष जाऊ शकाल. मनातल्या खोलीला मापं नसतात, आणि हा सगळा खेळ मापांचा आहे.

भातुकली आणि दिवाळीतला किल्ला केलेल्या माणसाला यातलं निम्मं आधीच येत असतं. उरलेलं निम्मं खाली क्रमाने देते आहे.

१. प्रमाण ठरवा आणि मग ते मोडू नका

बाहुलीघरांत सगळ्यात रुळलेलं प्रमाण १:१२ आहे, म्हणजे खऱ्या वस्तूचा बारावा हिस्सा. फुटाला इंच, इतका सोपा हिशेब. दहा फुटांची भिंत दहा इंच, साडेपाच फुटी माणूस साडेपाच इंच. आपली जुनी मापंही त्यात छान बसतात. वीतभर म्हणजे नऊ इंच, त्याचं होतं पाऊण इंच. हातभर म्हणजे दीड फूट, त्याचं दीड इंच. मिलिमीटरमध्ये काम करायचं असेल तर खऱ्या मापाला १२ ने भागा.

याच्या निम्मं १:२४ आणि त्याच्याही निम्मं १:४८. लहान प्रमाणात काम कमी पडेल असं वाटतं, पण होतं उलटंच. १:२४ मध्ये वाटी चिमट्याशिवाय उचलता येत नाही. नवख्या माणसाने १:१२ घ्यावं.

या प्रमाणाची परंपराही मोठी आहे. दिल्लीचं राष्ट्रपती भवन ज्यांनी आखलं त्या एडविन लट्यन्स यांनीच इंग्लंडच्या मेरी राणीसाठी १:१२ मध्ये एक बाहुलीघर आखलं. १९२४ मध्ये ते पूर्ण झालं आणि आज विंडसरच्या राजवाड्यात आहे. त्यात नळांना वाहतं पाणी, विजेचे दिवे आणि चालणाऱ्या लिफ्ट बसवल्या होत्या. पण आपल्याला जास्त उपयोगी उदाहरण शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. नार्सिसा थॉर्न यांनी १९३० च्या दशकात कुशल कारागिरांकडून करवून घेतलेल्या ६८ खोल्या तिथे मांडल्या आहेत. त्याही बहुतेक १:१२ मध्येच. एकेका खोलीची एकेक खिडकी, आणि प्रत्येक खोली आपल्या जागी पूर्ण. समोरून उघड्या अशा खोलीला रूम बॉक्स म्हणतात. आपण तेच करणार आहोत.

सापळा: दोन प्रमाणं एकत्र येणं. बाजारात छोटीशी खुर्ची दिसते, गोड वाटते, आपण घेतो. घरी आणून ठेवली की खुर्ची बरोबर वाटते आणि अख्खी खोलीच चुकल्यासारखी दिसते. पाकिटात एक सहा इंची पट्टी ठेवा. खुर्चीची बैठक जमिनीपासून दीड फूट असते, म्हणून दुकानातली खुर्ची ३८ मिमीच्या आसपास भरली तरच घ्या.

२. किटचं काय करायचं

ऑनलाइन मिळणारी लाकडी किटं बहुतेक १:२४ च्या आसपासची असतात. कॅफे, पुस्तकांचं दुकान, काचेचं झाडघर असे विषय. हाताला सवय नसेल तर एक किट जरूर करा. कापलेले तुकडे जोडता जोडता चिमटा कसा धरायचा, डिंक किती लावायचा हे बोटांना कळतं. घेताना दोन गोष्टी पाहा: डिंक आणि सेल पाकिटात आहेत का (पुष्कळदा नसतात), आणि प्रमाण लिहिलंय का. एक किट पुरे. दुसरं मागवायची इच्छा झाली तर ते पैसे हत्यारांवर खर्च करा.

३. खोली मोजा

एक दिवस यासाठीच ठेवा. सोबत न्यायचं सामान:

- पाच मीटरचा टेप आणि तो धरायला दुसरं माणूस
- एक फुटी पट्टी (फोटोत ठेवायला)
- चौकटीची वही, पेन्सिल
- मोबाइल, पूर्ण चार्ज केलेला

आधी लांबी, रुंदी, उंची. मग दार आणि खिडकी, आणि त्या जमिनीपासून किती वर आहेत ते. भिंतीची जाडी बहुतेकजण विसरतात. कोकणात जांभ्याची भिंत दीड फूट जाड असते, म्हणजे आपल्याकडे दीड इंच. पातळ पुठ्ठ्यात खिडकी कापली की खोली खोक्यासारखी दिसते. जाड भिंतीतली खोल खिडकी ठेवली की तेच घर होतं.

प्रत्येक वस्तूचा फोटो समोरून, सरळ आणि शेजारी पट्टी ठेवून काढा. तिरक्या फोटोवरून माप निघत नाही.

माझ्यासाठी मामाने टेप धरला होता. मी चुलीजवळ वाकले तेव्हा मामी म्हणाली, "अगं, चुलीची उंची काय मोजतेस? वीतभर असते ती." मोजली तर खरंच नऊ इंच भरली. मग मी तिलाच विचारत गेले. फडताळात वरच्या कप्प्यात काय असायचं, मिठाचं भांडं चुलीच्या कोणत्या हाताला, शिंकाळं किती उंच. ही माहिती टेपने मिळत नाही आणि ती सांगणारी माणसं कायम असत नाहीत. मापांइतकीच ती काळजीने लिहून घ्या.

ज्यांना असं घर उरलेलं नाही त्यांनी आपल्या आत्ताच्या घरातली खोली घ्यावी. चाळीतली गॅलरी, ब्लॉकमधला ओटा, काहीही. जुन्या वस्तू पाहायच्या असतील तर पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात दोन तास काढा. दिवे, अडकित्ते, भांडी, कोरीव दारं, एकेका वस्तूचे कितीतरी घाट एका जागी दिसतात. फोटोची परवानगी दारातच विचारून घ्या आणि वहीत रेखाटनं करा.

४. हत्यारं आणि साहित्य

सुरुवातीला एवढंच घ्या:

- स्टीलची पट्टी (प्लॅस्टिकची नको, कटर तिला खातो) आणि छोटा गुण्या (काटकोन तपासायला)
- कटिंग मॅट
- कटर, आणि बारीक कामाला सर्जिकल ब्लेड: ११ नंबरचं पातं, ३ नंबरची मूठ. सर्जिकल सामानाच्या दुकानात मिळतं
- टोकदार चिमटा, बारीक कानस, १२० आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर
- फेविकॉल, फेविक्विक, एम-सील
- पाच मिमी सनबोर्ड (हलकी प्लॅस्टिकची शीट) भिंतींसाठी, तीन मिमी एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) जमिनीसाठी
- आइसक्रीमच्या काड्या, टूथपिक, आगकाड्या
- अ‍ॅक्रिलिक रंग आणि मॅट व्हार्निश. चकाकणारं व्हार्निश घेऊ नका, सगळं खेळण्यासारखं दिसतं

पुण्यात अप्पा बळवंत चौक आणि बोहरी आळी, मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीट आणि दिव्यांसाठी लोहार चाळ एवढ्या फेऱ्यांत हे सगळं होतं. माझ्या पहिल्या खोलीचं सामान हत्यारांसकट अडीच-तीन हजारांत आलं.

आइसक्रीमच्या काडीकडे आदराने बघा. ती दहा मिमी रुंद आणि दोन मिमी जाड असते, म्हणजे १:१२ मध्ये जवळजवळ पाच इंची, इंचभर जाडीची फळी. दार, फडताळ, पाट, सगळं त्यातून निघतं. दोन मिमीची टूथपिक म्हणजे खिडकीचा लाकडी गज. लोखंडी गज हवे असतील तर १६ गेजची तार, ती १.६ मिमी असते, म्हणजे पाऊण इंची सळई.

डिंकाबाबत चार सापळे आहेत आणि चारही मी भोगलेत. फेविकॉलमध्ये पाणी असतं, पुठ्ठ्याला एकाच बाजूने लावलं की पुठ्ठा वाकतो, म्हणून दोन्ही बाजूंना हलका हात द्या आणि वजनाखाली वाळवा. सनबोर्ड पाणी शोषत नाही, त्यामुळे दोन सनबोर्डांच्या मधलं फेविकॉल दिवसेंदिवस ओलं राहतं, तिथे फेविक्विक वापरा. फेविक्विकची वाफ काचेसारख्या पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरी साय आणते, म्हणून तावदानं कायम फेविकॉलने चिकटवा. आणि थर्माकोल किंवा फोम बोर्डच्या गाभ्यावर फेविक्विक अथवा स्प्रे रंग गेला की तो विरघळून खड्डा पडतो.

लेझर कटिंग करून घ्यायचं असेल तर एमडीएफ न्या. सनबोर्ड पीव्हीसीचा असतो, लेझरने त्यातून विषारी, यंत्र गंजवणारा वायू निघतो आणि जाणकार दुकानदार तो घेतच नाही. एमडीएफची जाडीही स्वतः मोजा. तीन मिमी म्हणून दिलेली शीट पुष्कळदा थोडी कमी भरते आणि मग खाचा सैल बसतात. घरी एमडीएफ घासताना मास्क हवाच, ती धूळ छातीला वाईट.

५. भिंतींआधी एक पाट करा

हा सराव चुकवू नका. खरा पाट साधारण दीड फूट बाय सवा फूट, दोन इंच उंच. आपला ४० बाय ३२ मिमी, उंची ४ मिमी. काडीचे ३२ मिमीचे चार तुकडे करा. एका दाबात तोडू नका, हलक्या हाताने पाच-सहा वेळा पातं फिरवा. बोटं पट्टीच्या कडेपासून मागे, आणि पातं बोथट वाटलं की लगेच बदला. बहुतेक वेळा बोटं बोथट पात्यानेच कापतात, कारण जोर जास्त लागतो.

तुकड्यांच्या कडा ४०० च्या पेपरवर दोनदा ओढा. आता रंग द्या, डिंक नंतर. हे उलटं केलंत तर जिथे फेविकॉल लागलंय तिथे लाकूड रंग पीत नाही आणि पांढरे डाग राहतात. चहाची कडक कोरी उकळी दोनदा लावली की जुन्या सागवानाच्या जवळ जाणारा रंग येतो. वाळल्यावर चारही तुकडे शेजारी शेजारी ठेवून खाली दोन आडव्या पट्ट्या चिकटवा. पट्ट्या दोन मिमीच्या, म्हणजे एकूण उंची बरोबर चार.

असे चार पाट करा. चौथा पहिल्यापेक्षा किती सुबक झाला ते बघितलंत की भिंती कापायला हात तयार आहे हे कळेल.

६. खोका उभा करा

आमचं स्वयंपाकघर दहा बाय आठ फूट, उंची आठ फूट. म्हणजे आतून २५४ बाय २०३ मिमी, उंची २०३. "आतून" हा शब्द वहीत मोठ्या अक्षरात लिहा. भिंती जमिनीवर उभ्या राहणार की जमीन भिंतींच्या मध्ये बसणार, हे आधी ठरवलं नाही तर प्रत्येक कोपऱ्यात पाच मिमीचा घोळ होतो.

खिडकीची मागची भिंत दुहेरी करा. पाच मिमीचे दोन सनबोर्ड आणि मध्ये २८ मिमीच्या पट्ट्या, मिळून ३८ मिमी, म्हणजे दीड इंच. मधल्या पोकळीतून पुढे दिव्यांच्या तारा जातील. बाकीच्या दोन भिंती एकेरी चालतात, त्यांची जाडी दिसत नाही. समोरची बाजू उघडी.

चिकटवण्याआधी सगळं चिकटपट्टीने उभं करून बघा, गुण्या लावा, आणि खिडकीतून डोळा लावून आत पाहा. याच टप्प्यावर एका बाजूच्या भिंतीत दाराची जागाही कापून ठेवा, नंतर कापता येत नाही. सनबोर्ड गुळगुळीत असतो, १२० च्या पेपरने घासून मगच त्यावर वॉल पुट्टी आणि फेविकॉलचा पातळ हात द्या. आमच्या भिंतींना चुन्यात नीळ घातलेली असायची. त्यासाठी पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकमध्ये निळ्याचा थेंबभर पुरतो.

७. जमीन सारवा

या भागावर मी सगळ्यात जास्त वेळ दिला, आणि तुम्हीही द्यावा. बघणाऱ्याची नजर आधी जमिनीवरच जाते.

एमडीएफच्या फळीला आधी दोन्ही बाजूंनी पाणी घातलेल्या फेविकॉलचा हात देऊन वाळवा, नाहीतर ओल्या मातीने ती फुगते. तांबडी माती चहाच्या गाळणीतून आणि मग मलमलीतून चाळा. तीन भाग माती, एक भाग फेविकॉल, चिमूटभर काळपट तपकिरी रंग, आणि भज्याच्या पिठाइतकं सैल होईल एवढं पाणी. शेणाची गरज नाही. रंग आणि पोत तेवढे साधायचे.

मिश्रण पसरलं आणि मी हौसेने त्यावर बोटाने अर्धगोल ओढले, आजी ओढायची तसे. वाळल्यावर पाहिलं तर जमीन नांगरलेल्या शेतासारखी दिसत होती. कारण उघड आहे. खरं बोट १७-१८ मिमी रुंद, १:१२ मध्ये त्याचा ठसा दीड मिमीचा हवा. माझं बोट त्या खोलीत वीतभर रुंदीचं झालं होतं. सगळं खरवडून परत केलं. या वेळी जुन्या टूथब्रशचे एका ओळीतले चार झुपके ठेवले आणि बाकीचे कापून टाकले. चार झुपके, चार बोटं. तो ब्रश कोपरापासून हात फिरतो तशा दीड इंची कमानीत फिरवला, एकीच्या शेजारी दुसरी, मागच्या भिंतीपासून दाराकडे, कारण सारवणारी बाई मागे सरकत दाराशी येते. सावलीत दोन दिवस वाळू दिलं. त्या कमानींमध्ये मला आजीचा हात दिसला.

यातून एक नियम लक्षात ठेवा. वस्तू लहान करता येतात, पण काही गोष्टी आपोआप लहान होत नाहीत: बोटाचा ठसा, कापडाची घडी, पाण्याचा थेंब, लाकडातल्या रेषा. त्यांच्यासाठी दरवेळी वेगळी युक्ती शोधावी लागते.

८. चूल, भांडी आणि धान्य

चूल शाडूची करा. शाडू वाळताना आकसते आणि तडे जातात, म्हणून त्यात टिश्यू पेपरचा लगदा आणि थोडं फेविकॉल मळा. बारीक तडे गेले तर जाऊ द्या, खऱ्या चुलीलाही असतात. उंची १९ मिमी, शेजारी वैल, म्हणजे चुलीचं जोडतोंड, थोडा बुटका. भिंतीवरची काजळी चित्रकलेच्या कोळशाची पूड करून मऊ ब्रशने लावा, चुलीपाशी दाट आणि वर पसरत जाणारी. पेन्सिलची पूड लावू नका, ती चकाकते.

भांड्यांच्या बाबतीत तुळशीबागेत जपून. तिथली पितळी भातुकली देखणी असते, पण बहुतेक वस्तू आपल्या प्रमाणाहून मोठ्या. खरा तांब्या पाच-सहा इंच, म्हणजे आपल्याला १२ मिमीचा हवा, आणि भातुकलीतला तांब्या इंचभर तरी असतो. तो तांब्या म्हणून ठेवला तर खोली बिघडते. मी तो कळशी म्हणून पाणवठ्याच्या कोपऱ्यात ठेवला आणि तिथे तो अगदी शोभला. वस्तू विकत घेताना ती काय आहे यापेक्षा १:१२ मध्ये काय होईल ते बघा.

ताटं घरी होतात. रुपयाचं नाणं साधारण २२ मिमी, म्हणजे साडेदहा इंची ताट. अ‍ॅल्युमिनियमच्या पार्सल डब्याचा तळ नाण्यावर ठेवून चमच्याच्या पाठीने कडेने घासा, काठ उठतो, मग कडेने कापून घ्या. टिचबटणाच्या वाट्या होतात.

धान्याचा हिशेब तर मला फार आवडतो. दोन मिमीची मोहरी इथे आवळा होते. खसखस हरभऱ्याएवढी. बारीक रवा म्हणजे तूरडाळ. पण खरं धान्य टाकाल तर सहा महिन्यांत किडे आणि मुंग्या येतील. ते फेविकॉलमध्ये घोळवून, वर व्हार्निश देऊन पूर्ण बंद करा, किंवा एम-सीलचे दाणे वळा. पिठाची खळ तर या कामात कुठेच नको, झुरळं कागद कुरतडतात.

९. कापड

दोरीवर नऊवारी वाळत घालायची असेल तर ती २७ इंच लांब आणि चार इंचांहून थोडी कमी रुंद लागते. नवं कापड ताठ उभं राहतं, खाली पडत नाही. धुऊन धुऊन विरलेली मलमल किंवा जुन्या धोतराचा तुकडा घ्या. पाण्यात फेविकॉल मिसळून त्यात बुडवा, ओलं असतानाच टाचण्यांनी चुण्या धरून फोम बोर्डवर वाळवा. काठ शिवू नका, रंगवा. शिवण कितीही बारीक असली तरी या मापात ती दोरखंडासारखी दिसते.

१०. उजेड

खोक्यात वरून एकच पांढरा दिवा लावला तर खोली दुकानातल्या शोकेससारखी दिसते. थॉर्न यांच्या खोल्यांमध्ये खिडकीतून बाग दिसते, दारातून पलीकडच्या खोलीचा कोपरा दिसतो, आणि उजेड तिथून आत येतो. तसंच करा. खिडकीच्या मागे पाच-सहा सेंमीवर माडांचं फिकट चित्र लावा आणि दिवा खिडकी आणि चित्राच्या मध्ये, वरच्या बाजूला लपवा.

तीन मिमीचा वॉर्म व्हाइट एलईडी घ्या. मोबाइलच्या पाच व्होल्टच्या चार्जरवर चालवायचा तर प्रत्येक एलईडीला स्वतंत्र १५० ओहमचा रेझिस्टर (वीज कमी करणारा छोटा भाग) लावा. लांब पाय धन बाजूला. रेझिस्टर विसरलात तर एलईडी जळतो. सोल्डरिंग येत नसेल तर यूएसबीवर चालणारी बारीक तारेची माळ आणा आणि नको ते दिवे काळ्या टेपने झाका. घरातली २३० व्होल्टची वायर खोक्याच्या आत कधीही आणू नका.

चुलीतला विस्तव दिवाळीच्या इलेक्ट्रिक पणतीत तयार मिळतो. पणती उघडून लुकलुकणारा पिवळा दिवा काढा, वर नारिंगी जिलेटिन कागदाचा कपटा आणि त्यावर कोळशाचे खडे ठेवा. सेलचा डबा मागच्या पोकळीत, पण उघडता येईल असा. ते चपटे बटण-सेल लहान मुलाने गिळले तर जिवावर बेततं, म्हणून झाकण स्क्रूने बंद करा. एकूणच हे खेळणं नाही हे घरातल्या लहानांना प्रेमाने सांगा आणि त्यांच्यासाठी वेगळे चार पाट करून द्या. मी भाचीला दिले, ती त्यांवर मोहरीचे आवळे वाढते.

११. काच लावा, पण घाई करू नका

आपल्याकडच्या धुळीत उघडी खोली महिन्याभरात राखाडी होते, आणि १:१२ मध्ये धुळीचा कण खडीएवढा दिसतो. समोर दोन मिमीचं अ‍ॅक्रिलिक लावा, खाचेत सरकणारं, म्हणजे काढता येईल. पण माती आणि शाडू पूर्ण वाळल्याशिवाय लावू नका. आत ओल कोंडली की बुरशी येते. पावसाळ्यात तर मी काम संपल्यावर तीन आठवडे थांबले आणि मागच्या पोकळीत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या. त्या वर्षातून एकदा बदलायच्या. उन्हाच्या खिडकीत खोका ठेवू नका, छापील कागद आणि चहाचा रंग दोन्ही उडतात.

भिंतीत दारासाठी सोडलेल्या जागेमागे मी सध्या एक काळोखा खोका लावला आहे आणि त्यात देव्हाऱ्याचा एक कोपरा दिसतो, निरांजनाएवढ्या दिव्याचा. मे महिन्यात राजापूरला जाऊन माजघराची मापं घेतली की तो खोका काढून तिथे दुसरी खोली जोडायची. मामीला आत्तापासूनच सांगून ठेवलंय, माजघरातल्या फळीवर कोणकोणते डबे असायचे ते आठवून ठेव म्हणून.